रद्दचा शिक्का

एकतीस वर्षं मी पुस्तकं रद्द केली.
विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरात,
जांभळी शाई, लाकडी मुठीचा शिक्का
आणि एकच प्रश्न: शेवटची तारीख कोणती?
मागच्या पानावरची चिठ्ठी खोटं बोलत नाही.
दहा वर्षं कुणी नेलं नाही की पुस्तक गठ्ठ्यात,
गठ्ठा शनिवारी मांडवीजवळच्या रद्दीवाल्याकडे.
हात जरा अडखळायचा, थांबायचा नाही.

आता दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्रीचे साडेनऊ, गॅलरीत टॉवेल वाळतोय,
मांडीवर फोन, त्यात दोनशे बारा माणसं.
भाचीनं लावून दिलेली.
"आत्या, तुझा वेळ जाईल," म्हणाली आणि कॅनडाला गेली.
वेळ गेला. तिचं बरोबर होतं.

संगमरवरी पायरीवर बसून श्वास शिकवणारा:
दोन महिने त्याच्याबरोबर श्वास मोजला
आणि तीनदा दूध उतू गेलं. रद्द.
थालीपिठात सहा प्रकारचं चीज घालणारी:
ती पाहता पाहता मी बिस्किटांवर जेवले. रद्द.
रोज सकाळी उठून कुणावर तरी ओरडणारा:
बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं,
पण त्याच्यासारखं मीही भाजीवालीशी बोलायला लागले होते.
रद्द, रद्द.
वसुधाची सून, युरोपात, रोज नवा स्कार्फ.
काढलं. मग भीती वाटली, कळलं तर?
परत घेतलं.
नात्यांना शिक्का चालत नाही.
नुसतं गप्प करायची सोय आहे म्हणे. ती केली.

शिल्लक किती? फारच थोडे.
रावपुऱ्यातले बिडवे मास्तर, रोज एक शब्द.
आज लिहिलंय: बारी.
गुजरातीत खिडकी, आपल्याकडे पाळी.
मग तिकीटबारीवर आपण उभे असतो
ते खिडकीसमोर, की आपल्या पाळीत?
बस, एवढंच. खाली स्वतःचं नावसुद्धा नाही.
दुपारभर मी बँकेच्या रांगेत हसत होते.

एक बाई, कुठल्या गावची ठाऊक नाही,
फाटलेले कपडे रफू करते, बोलत नाही.
तिच्यामुळे माझ्या निळ्या स्वेटरचं कोपर
सात वर्षांनी बुजलं. ठेवली.

आणि कुमुद तुंगारे.
माझ्या शेजारच्या टेबलावर सव्वीस वर्षं.
निवृत्तीनंतर रोज सकाळी त्याच बाकावरून
सूरसागरचा एक फोटो. पाणी, कबुतरं,
कधी दुधवाल्याची सायकल, कधी नुसतं धुकं.
शेवटचा तिरका आहे, कोपऱ्यात तिचा अंगठा.
शेवटची तारीख: दोन वर्षांपूर्वीचा मार्च.
नियमानं पाहिलं तर.
नियम माझाच होता, मी तो बाजूला सारला.
तळघरातही एकदा असंच केलं होतं,
कुणी न नेलेलं एक जाडजूड पुस्तक
साडीच्या पिशवीतून घरी आणलं होतं.
हे कुमुदला ठाऊक होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

शेवटचा ध्रुमिल चुनारा. वय तेवीस, चोवीस.
विश्वामित्रीला पाणी चढलं की मगरी गावात येतात
आणि लोक त्याला फोन करतात.
तो विशेषणं वापरत नाही.
"कारेलीबाग, जिन्याखाली, पाच फुटी."
"फतेहगंज, गाडीखाली, लहान आहे, घाबरलीय."
आणि पहाटे कधीतरी एकच शब्द: "सोडली."
तो शब्द वाचून मी चहा ठेवते.

बघा, आत्ताच आलं त्याचं:
"अकोटा, बाथरूममध्ये, सहा फुटी. निघालो."
फोन विचारतोय, आणखी कुणाला जोडायचं?
हजार चेहरे पुढे करतोय, सगळे हसरे.
मी दिवा बंद केला. टॉवेल आत आणला.
पुन्हा दिवा लावला.
अजून आलं नाही.
सहा फूट म्हणजे माझ्याहून लांब,
त्यात त्याची आई कुठल्या खोलीत जागी असेल,
कुणास ठाऊक.
मी आपली बसलेय. बारीशी.